बुद्धी मोजण्याआधी कान तपासा

पारगावला भीमाशंकर साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले की आमच्या ओपीडीतली भाषा बदलते. एरवी समोर बसणारा माणूस आंबेगाव-जुन्नरचा असतो. हंगामात बीड, पाथर्डी, चाळीसगावकडची माणसे येतात. कोयत्याने कापलेले बोट, धरलेली पाठ, लेकरांचे जुलाब, आणि उसात बिबट्या दिसल्यापासून झोप उडालेली एखादी बाई. केसपेपर भराभर लिहावे लागतात, कारण टोळी थांबलेली असते आणि खाडा झाला की मजुरी बुडते.

दोन हंगामांपूर्वी अशाच एका कोपीतून एक आई तिच्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ताप होता. मी लिहीत असताना तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "हे बी बघा सायेब. लेकरू मंद हाय म्हणून लिव्हलंय त्यात." तिच्या गावाकडच्या कुठल्याशा शिबिरात तो कागद मिळाला होता. त्यावर मुलाचे नाव, वय, बुद्ध्यांक ५८ आणि खाली 'सौम्य बौद्धिक अक्षमता' एवढेच. कोणती चाचणी केली ते नाही. कोणत्या भाषेत केली ते नाही. करणाऱ्याची सही होती, पण ती वाचता येत नव्हती.

ताप कशाचा म्हणून मी कान पाहिले. दोन्ही कानांच्या पडद्यांना भोके होती आणि उजव्या कानातून पू येत होता. "कधीपासून वाहतोय?" "बारका होता तवापासून. तेल टाकतो की." मी खुर्चीतून उठलो, त्याच्या मागे गेलो आणि हलक्या आवाजात त्याचे नाव घेतले. त्याने वळून पाहिले नाही. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने हाक मारली तेव्हा वळला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिला.

पुढे त्याची श्रवणचाचणी झाली. दोन्ही कानांत मध्यम दोष निघाला. कानांवर उपचार सुरू झाल्यावर एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने त्याची बुद्धिमापन चाचणी पुन्हा घेतली. ती होती रेव्हनची रंगीत आकृत्यांची चाचणी, जिच्यात बोलावे फारसे लागत नाही. अपुऱ्या चित्राचा योग्य तुकडा बोटाने दाखवायचा असतो. मुलगा सरासरीत आला. सरासरीच्या खालच्या बाजूला, पण सरासरीतच. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही, कारण मधल्या काळात त्याच्या आईशी बोलताना कळले होते की हा मुलगा उसाच्या मोळ्या मोजतो आणि मुकादमाने सांगितलेला आकडा कमी वाटला तर बापाला सांगतो. हा प्रश्न शिबिरात कोणी विचारला असता तर ५८ या आकड्याकडे पुन्हा एकदा बघावेसे वाटले असते.

मी आईला ही चांगली बातमी म्हणून सांगितली. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मंग आता ह्याची पेन्शन व्हायची नाही का?" संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तिने गावाकडे करून ठेवला होता. त्या कागदाचे तिला दुःखही होते आणि आधारही. तिला काय उत्तर द्यावे हे मला त्या दिवशी सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही सुचत नाही.

मी मानसशास्त्रज्ञ नाही. फिजिशियन आहे, तीसेक वर्षे सरकारी रुग्णालयांत काढलेली. पण माझ्या टेबलावर असे कागद दर आठवड्याला येतात आणि त्यांतल्या बऱ्याच कागदांवर एक आकडा असतो, जो घरच्यांनी पाठ केलेला असतो. बुद्ध्यांक इतका, स्मरणशक्ती तीसपैकी इतकी, नैराश्याचे गुण इतके. रक्तातली साखर सांगावी तसे हे आकडे सांगितले जातात. पण साखरेचे यंत्र रक्ताला भाषा विचारत नाही. मनाची चाचणी विचारते. तिचा प्रत्येक प्रश्न कोणत्या तरी भाषेत, कोणत्या तरी काळात, कोणत्या तरी मुलांसमोर ठेवून घडवलेला असतो आणि तुमच्या मुलाचे गुण त्या मुलांच्या गुणांशी ताडून काढलेले असतात. ती मुले कोण होती, हा प्रश्न आपण विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की चाचणी घेण्यापेक्षा ती निवडणे अवघड काम आहे, आणि आपल्याकडे तेच सर्वांत घाईने उरकले जाते.

ती मुले कोण होती याचे उत्तर महाराष्ट्रापुरते तरी शोधता येते, आणि ते वाचण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली वापरण्याजोगी बुद्धिमापन श्रेणी तयार केली. कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल ते ओळखणे, एवढाच तिचा हेतू होता. आपल्याकडे डॉ. वि. वि. कामत यांनी ती श्रेणी धारवाडकडच्या भागात कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर बसवली. त्यावरचे त्यांचे 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक १९४० चे. हीच बिने-कामत चाचणी. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात एका माणसाने आपल्या भाषेतल्या मुलांसमोर बसून हे केले, याबद्दल मला मनापासून आदर आहे. परकी पट्टी आहे तशी न वापरता आधी ती आपल्या मुलांवर ताडून घेण्याची शिस्त त्यांनी दाखवली.

दुसरे नाव नागपूरचे. डॉ. आर्थर मालिन यांनी तिथल्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये अमेरिकेतल्या वेश्लरच्या चाचणीचे भारतीय रूप तयार केले. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीची ही मालिन चाचणी १९६९ ची आहे. मूल दैनंदिन जीवनात काय काय करू शकते हे पालकांना विचारून मोजण्याची व्हाइनलँड श्रेणी मूळची अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. तीही मालिन यांनी नागपुरात भारतीय केली. मूळ श्रेणीत टेबलावरच्या सुरीने पावाला लोणी लावता येते का, अशा चालीचे प्रश्न होते. ते इथे चालणार नव्हते हे उघड आहे.

म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आज देशभर वापरल्या जाणाऱ्या तीन मुख्य चाचण्यांपैकी दोन नागपुरात घडल्या आणि तिसरी मराठी-कानडी मुलांवर. ही अभिमानाची गोष्ट आहे. अडचण एवढीच की त्यानंतर आपण थांबलो. बिने-कामतची आजही वापरात असलेली आवृत्ती १९६७ ची, मालिनची १९६९ ची. त्या काळी ज्या मुलांवर ही मानके ठरली, त्यांतले बहुतेक जण आता सत्तरीच्या आसपास असतील. माझ्या ओपीडीत ते रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात.

जुनी मानके वापरल्याने काय बिघडते? न्यूझीलंडचे संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की अनेक देशांत चाचण्यांतले गुण पिढीगणिक वाढत गेले आहेत, ढोबळमानाने दशकाला तीन गुण. शाळा वाढल्या, चित्रे, कोडी, छापील कागद घरोघर आले. मग पन्नास वर्षांपूर्वीच्या तक्त्यावर आजचे मूल मोजले तर ते आहे त्यापेक्षा हुशार दिसू शकते. ज्याला खरोखरच बौद्धिक अक्षमता आहे ते मूल रेषेच्या वर सरकते आणि त्याची मदत जाते. उलट, कोपीत वाढलेले, दर वर्षी पाच महिने शाळा बुडणारे किंवा घरात ठाकरी बोली बोलणारे मूल शाळेत नियमित जाणाऱ्या मुलांच्या तक्त्यावर मोजले की ते आहे त्यापेक्षा मंद दिसते. एकच पट्टी, आणि ती दोन्ही बाजूंना चुकते. कोणत्या मुलाच्या बाबतीत कुठे चुकते आहे हे आकडा बघून कळत नाही, मूल बघून कळते.

अमेरिकेत याच मुद्द्यावर खटला झाला होता. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यांकाच्या आधारे मंदगती वर्गांत टाकले जात होते. पालक १९७१ मध्ये न्यायालयात गेले. त्यातल्या मुलांची त्यांच्याच समाजातल्या मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ती रेषेच्या वर निघाली. १९७९ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. आपल्याकडे असा खटला होणार नाही, कारण आपल्या मुलाची कोणती चाचणी घेतली हेच पालकांना माहीत नसते.

रेषेची गोष्ट निघाली आहे तर तिच्याबद्दलही सांगायला हवे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याखाली २०१८ मध्ये केंद्राने मोजमापाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. बौद्धिक अक्षमतेसाठी त्यांत व्हाइनलँड श्रेणीचा गुणांक ५५ ते ६९ असेल तर ५० टक्के दिव्यांगत्व, आणि ७० ते ८४ असेल तर २५ टक्के असे धरले होते. बहुतेक योजनांचा लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतो. म्हणजे ६९ ला पेन्शन, सवलत, आरक्षण. ७० ला काही नाही. आता कोणतीही मानसशास्त्रीय चाचणी एका गुणाइतकी अचूक नसते. तेच मूल पुढच्या आठवड्यात तीन-चार गुण इकडे-तिकडे करू शकते. शिवाय व्हाइनलँडची उत्तरे मूल देत नाही, आई देते.

आमच्या भागातल्या एका बारा वर्षांच्या मुलीचा गुणांक ७१ आला. आई बोर्डासमोर म्हणाली होती, माझी पोरगी सगळं करते. आईने असे म्हणणे साहजिक आहे. चार परक्या माणसांसमोर कोणती आई लेकीला नावे ठेवील? नंतर ती माझ्याकडे खोकल्यासाठी आली तेव्हा मी सहज विचारले, भाकरी करते का? "करते की." पीठ कोण मळतं? "मी." चूल? "मीच पेटवते. तव्यावर टाकायची पण मीच. ती थापते." दुकानात जाते? "जाते. मी चिठ्ठी देते, दुकानदार सुटे पैसे तिच्या हातात बांधून देतो." हे प्रश्न विचारायला मला दहा मिनिटे लागली. त्या दिवशी ओपीडीत गर्दी कमी होती, म्हणून लागू शकली. बोर्डाच्या दिवशी रांगेत शंभर माणसे असतात. मी बोर्डाला दोष देत नाही. मीही अशा बोर्डांवर बसलो आहे आणि मीही घाई केली आहे.

माझ्या घाईची एक गोष्ट सांगतो. भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीतली आजी, सत्तरी ओलांडलेली. मुलगा म्हणाला, आई विसरते, एकटीच बसून राहते. मी फोलस्टीनची सुप्रसिद्ध चाचणी घेतली. १९७५ पासून जगभर चालणारी, तीस गुणांची, दहा मिनिटांत होणारी. आजीला पंधरा गुण पडले. चोवीसच्या खाली म्हणजे शंका, पंधरा म्हणजे पक्के. मी केसपेपरवर 'स्मृतिभ्रंश' लिहिले आणि गोळी सुरू केली.

दोन महिन्यांनी आजी अधिकच सुकलेली दिसली. तेव्हा मी जुना कागद काढून गुण कुठे गेले ते पाहिले. कागदावरची सूचना वाचून तसे करा: गुण गेला, आजीला अक्षर येत नाही. एक वाक्य लिहा: गेला. आकृती बघून काढा: गेला, पेन्सिल आयुष्यात पहिल्यांदाच हातात. शंभरातून सात-सात वजा करा: पाच गुण गेले. तारीख सांगा: गेला. मी पुन्हा विचारले, आजी, आज काय? "आज वद्य नवमी. परवा एकादस." मी मोबाइलमध्ये पाहिले. बरोबर होते. आजीचा नवरा चार महिन्यांपूर्वी वारला होता. हे मुलाने मला सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. आजीला नैराश्य होते. वृद्धांत ते पुष्कळदा विसरण्याच्या रूपात येते. गोळी बदलली, सुनेला दोन गोष्टी समजावल्या, आजी हळूहळू बोलू लागली.

वाईट याचे वाटते की यावर उपाय तेव्हाही अस्तित्वात होता. हरियाणातल्या बल्लभगढ भागात १९९० च्या दशकात संशोधकांनी नेमक्या याच अडचणीसाठी फोलस्टीनची चाचणी निरक्षर ग्रामीण वृद्धांना चालेल अशी बदलली. लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा'. वाचण्याऐवजी 'माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा'. सातच्या वजाबाकीऐवजी विसातून तीन-तीन, किंवा वार उलटे. वार उलटे सांगायला शाळा लागत नाही, बाजाराचा दिवस माहीत असला की पुरते. चाचणी हिंदी आहे, मराठीत तशाच कसोशीने बसवलेली हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशासाठी चाचण्यांचा एक भारतीय संच केला, तेव्हाही पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या होत्या. कामतांची आणि मालिनांची परंपरा असलेल्या भाषेला हे शोभत नाही.

नैराश्याच्या प्रश्नावल्यांबद्दल थोडक्यात. हल्ली नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ सगळीकडे दिसते, मोबाइलवरही. फुकट आहे, सोपी आहे, मी वापरतो. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. समजा शंभर रुग्णांत दहा जणांना खरोखर नैराश्य आहे आणि प्रश्नावली शंभरात ऐंशी वेळा बरोबर सांगते. मग ती दहातल्या आठांना पकडेल, पण निरोगी नव्वदांतल्या अठरांनाही पकडेल. चाळणीत अडकलेल्या सव्वीसांपैकी आजारी आठच. बाकीच्यांशी बोलावेच लागते. चाळणीची भोके केवढी ठेवायची हेही जागेवर ठरवावे लागते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांवर अशा पाच प्रश्नावल्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या, त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. आंबेगावची बाई 'मी उदास आहे' असे म्हणत नाही. 'कसंतरीच होतं', 'जीव लागत नाही', 'छातीत धडधडतं' असे म्हणते. प्रश्न तिच्या शब्दांत नसला तर उत्तर 'नाही' येते. आणि सासू शेजारी उभी असेल तर कोणत्याही भाषेत 'नाही'च येते. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. तो विचारायचा तर उत्तर 'हो' आल्यावर काय करायचे ते आधी ठरलेले हवे. औषध प्यायलेल्यांचा वॉर्ड मी सांभाळतो, म्हणून हे जरा कडक लिहितो. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलतात.

शाळकरी मुलांच्या वाचनदोषाची कथा वेगळी नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी परिच्छेद वाचायला देऊन त्याला अध्ययन अक्षमता आहे असे ठरवणे म्हणजे मला जर्मन वर्तमानपत्र देऊन माझी दृष्टी तपासण्यासारखे आहे. मराठीत र्‍हस्व-दीर्घ, जोडाक्षरे, रफार यांच्या चुकांना आपली अशी तऱ्हा असते. त्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा संच केला आहे आणि त्यात मराठी आहे. जवळच्या केंद्रात तो आहे का, हे पालकांनी जरूर विचारावे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे; पहिलीतल्या मुलाला घेऊन पुण्याला हेलपाटे घालणारे आईबाप मी पाहतो.

आणि जिला चाचणी म्हणूच नये अशीही एक गोष्ट आमच्या गावांपर्यंत आली आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी. काही हजार रुपये, चकचकीत रंगीत फाइल. बोटांच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. त्यांवरून बुद्धी कळते याला पुरावा नाही. ते पैसे मुलाच्या चष्म्यावर खर्च करावेत. त्या मानाने दहावीच्या मुलांची सरकारी कल चाचणी प्रामाणिक होती, २०१६ मध्ये सुरू झालेली. पण तिचीही गंमत झाली. ती मुलाचा कल सांगत होती, कुवत नव्हे. कल 'गणवेशधारी सेवां'कडे निघाला म्हणून एका बापाने मुलाला भरतीच्या अकादमीत घातले आणि मग माझ्याकडे दम्याची तपासणी करायला आणले. शिष्यवृत्तीच्या परीक्षेतला 'बुद्धिमत्ता चाचणी'चा पेपर हाही बुद्ध्यांक नव्हे. ती सरावाची परीक्षा आहे, सराव केला की गुण वाढतात. म्हणूनच खऱ्या बुद्धिमापनाचे प्रश्न मी इथे लिहीत नाही. एकदा फुटले की ती चाचणी संपली.

मग काय करावे? मानके नव्याने बांधणे हे राज्याचे काम आहे, एकट्या डॉक्टरचे नाही. पुण्यात विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे, डॉ. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्र शाखा आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पद आहे. साखरशाळा, आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. शहरातल्या, गावातल्या, डोंगरातल्या मराठी मुलांचे नवे तक्ते करायला माणसे आणि मुले दोन्ही आहेत. नाही ती निकड. तोवर निदान सीमेवर आलेल्या मुलाला, म्हणजे ६५ ते ७५ च्या मधल्या, एका दिवसात निकाली काढू नये. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने, दुसऱ्या दिवशी, घरच्या दुसऱ्या माणसाला विचारून पुन्हा बघावे. तीच चाचणी लगेच पुन्हा घेऊ नये, कारण मुलाला प्रश्न आठवतात. न बोलता देण्याची चाचणी निवडली तरी ती सगळ्यांना सारखी असे मानू नये. ज्याने छापील कोडे कधी पाहिलेच नाही त्याला रेव्हनचे चित्रही परकेच. यासाठीच चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ मध्ये ठोकळे आणि तुकडे हाताळून सोडवायची चाचणी केली, साक्षर आणि निरक्षर अशा दोन्ही मुलांसाठी. अकरा ते सोळा वयात ती अजून उपयोगी पडते.

पालकांनी चाचणीला जाण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. मूल आजारी, उपाशी किंवा रात्रभर प्रवास करून आलेले असेल तर तारीख बदलून मागावी. घेणारी व्यक्ती पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली आहे का, हे विचारण्यात अपमान नाही. घरात जी बोली चालते ती आधी सांगावी. 'आम्हाला नेमके काय कळायला हवे आहे' हे चाचणीच्या आधी बोलून घ्यावे: शाळेत मागे का पडतो, की प्रमाणपत्र हवे आहे, की पुढे काय शिकवावे. यांतल्या प्रत्येकाची चाचणी वेगळी असते. मूल जे करते ते सांगा, जे तुम्ही त्याच्यासाठी करून देता तेही सांगा, त्यात लाज धरू नका.

आणि अहवाल मागून घ्यावा, नुसता आकडा नव्हे. चाचणीचे पूर्ण नाव, कोणती आवृत्ती, कोणत्या भाषेत घेतली, किती वेळ लागला, मूल कसे वागले, श्रवण आणि दृष्टी तपासली होती का, घेणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक. हा कागद आधार कार्डाबरोबर जपून ठेवावा. तीन वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर बसाल तेव्हा त्याला यातली प्रत्येक ओळ लागेल. त्या कोपीतल्या मुलाच्या आईला मी असा कागद लिहून दिला. तिने तो जुन्या कागदाच्याच प्लॅस्टिकमध्ये घातला आणि विचारले, "ह्यो वर ठेवू का खाली?" मी वर ठेवायला सांगितले.